सरपणातली पेटी



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक ३७.

या श्लोकात भगवंत अर्जुनाला सरपणाचा दाखला देतात. चांगल्या पेटलेल्या अग्नीत लाकडांचं भस्म होतं, तसंच ज्ञानाच्या अग्नीत माणसाच्या सगळ्या कर्मांचं भस्म होतं, असा त्याचा आशय. रणांगणात उभ्या असलेल्या क्षत्रियाला समजावताना देवानं दाखला काढला तो चुलीतला. म्हणून आमच्यासारख्या शेतकऱ्याला हा श्लोक लवकर कळतो, निदान कळला असं वाटतं. मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटत होतं. यंदाच्या फाल्गुनात एका ओंडक्यानं तो समज मोडला. आज तेच सांगायचं आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात. इकडं हळदीचं पीक मोठं. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, हळद जमिनीतून काढली की लगेच बाजारात नेता येत नाही. आठ-नऊ महिने पोसलेले कंद खणून काढायचे, शिजवायचे, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायचे, मग ड्रममध्ये फिरवून पॉलिश करायचे. पूर्वी शिजवायला मोठाल्या काहिली असत. आता वाफेचे कुकर आले, ट्रॅक्टरला जोडून थेट रानात आणतात. पण काहील असो की कुकर, खाली जाळ लागतोच आणि जाळाला सरपण लागतं. बांधावरच्या वाळक्या फांद्या, तोडलेली बाभूळ, मोडकी बाज, पडलेल्या घराचे वासे, जे जे निकामी ते ते वर्षभर गोठ्यामागं रचायचं आणि हळदीच्या दिवसांत जाळायचं, ही आमच्या घरची रीत.

बहुतेक वर्षी ढिगाचं वरचं सरपण सरतं तोवर हळद शिजून होते. तळाचं तसंच राहतं आणि पुढल्या साली त्यावर नवं रचलं जातं. यंदा हळद बरी निघाली, सरपण कमी पडलं. गडी तळातली लाकडं ओढायला लागले. त्यातला एक ओंडका गड्यानं खांद्यावर आणून कुकरपाशी टाकला. चार-साडेचार फूट लांब, चौकोनी, मातीनं काळा पडलेला. त्याला सारख्या अंतरावर तीन भोकं होती.

गड्यानं कुऱ्हाड उचलली आणि माझ्या तोंडून "थांब" निघून गेलं.

ते आमच्या तिफणीचं खोड होतं. आमच्याकडं त्याला दिंड म्हणतात.

ज्यांनी तिफण पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तिफण म्हणजे तीन फणांचं पेरणीचं अवजार. आडवं जाड लाकूड ते दिंड, त्यात तीन फण बसवलेले. फणांना वेळूच्या पोकळ नळ्या जोडलेल्या आणि त्या तिन्ही नळ्या वर एका लाकडी वाटीत येऊन मिळालेल्या. ती वाटी म्हणजे चाडं. बैल पुढं ओढायचे, आबा मागून हाकायचे आणि माय चाड्यावर मूठ धरायची. मूठ धरणं दिसतं तितकं सोपं नाही. मुठीतलं बी चिमटीनं असं सोडायचं की तिन्ही नळ्यांत सारखं पडावं. बैलाची चाल आणि बोटांची चाल जुळली पाहिजे. कुठं दाट, कुठं पातळ पडलं तर महिन्याभरानं सगळ्या गावाला रानात दिसतं. माझ्या मायनं तीस वर्षं मूठ धरली. मृगाच्या पेरणीआधी तिफणीला हळद-कुंकू लागायचं, नारळ फुटायचा, मगच ती रानात जायची.

२००९ च्या उन्हाळ्यात मी बैलजोडी विकली. गावात पेरणी ट्रॅक्टरनं व्हायला लागली होती आणि चाऱ्याचा खर्च झेपत नव्हता. बैल गेल्यावर गोठ्यात जागा करायची म्हणून मी एका सकाळी कुऱ्हाड घेतली आणि तिफण, कुळव, जुनं जू सगळं फोडून सरपणात टाकलं. आबा समोरच ओसरीवर बसलेले होते. त्यांनी पाहिलं. ते काही बोलले नाहीत आणि मीही काही विचारलं नाही. उलट एका दिवसात गोठा मोकळा केला याचं मला समाधान वाटलं होतं. दिंड बाभळीचं, काही केल्या फुटेना. म्हणून तसंच ढिगाच्या तळाशी सरकवून दिलं, वरची लाकडं जमिनीच्या ओलीपासून उंच राहतील म्हणून.

आबांना वैकुंठवासी होऊन सात वर्षं झाली. त्या सकाळबद्दल आमचं कधी बोलणं झालं नाही. मी ती विसरूनच गेलो होतो. आणि इतकी वर्षं सरपणाचा सगळा ढीग त्याच एका लाकडावर रचला जात होता.

ठोकून बघणं

आबांची ज्ञानेश्वरी आमच्या देवघरात लाल फडक्यात बांधून ठेवलेली असते. त्या दिंडातून पोथीसाठी एक पेटी करायची असं मी ठरवलं. मनात काय होतं ते खरं सांगतो. आबांची क्षमा मागायला आता जागा उरली नव्हती, निदान त्यांच्या पोथीला तरी जागा करून द्यावी, असं काहीतरी होतं.

गावातले सुतारकाका आता सत्तरीच्या पुढं आहेत. ती तिफण त्यांच्याच हातची. बलुत्याच्या काळात गावातली निम्मी अवजारं त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी केलेली. मी दिंड त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. त्यांनी त्यावरून हात फिरवला, एका भोकात बोट घातलं आणि विचारलं, "कुणी मोडली?"

मी म्हणालो, "मीच."

"हं," म्हणाले आणि बाजूला पडलेली लाकडी मोगरी उचलली.

पुढं ते जे शिकवत गेले ते तुम्हालाही सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल. सरपणातलं लाकूड घ्यायचं तर आधी ठोकून बघायचं. लाकूड आतून चांगलं असेल तर आवाज खणखणीत येतो, कुजलेलं किंवा पोकळ असेल तर बद्द येतो. दिंडाचं एक टोक बद्द वाजलं. तिकडं वाळवी लागली होती, ते वीतभर कापून टाकलं. बाकीचं आत तांबूस, घट्ट, जणू काल तोडलं. त्यांनी मला परत ढिगापाशी पाठवलं. पेटीच्या तळासाठी लिंबाचं लाकूड आण म्हणाले, लिंबाला कीड कमी लागते. खुंट्यांसाठी बोरीची वाळकी फांदी आणायला सांगितली. मी त्या दिवशी तासभर ढिगापाशी बसून एकेक लाकूड ठोकत होतो. इतकी वर्षं मी तो ढीग रचला आणि जाळला, पण त्यात काय काय आहे ते पहिल्यांदा पाहत होतो. आंब्याचा वासा घरच्या जुन्या माळवदाचा निघाला. खाटेचा एक पाय चिंचेचा होता.

दुसरी गोष्ट लोखंडाची. जुन्या अवजारात खिळे मोडून राहिलेले असतात. ते आऱ्याच्या पात्याला लागले तर पातं जातं आणि माणसालाही इजा होते. मोडक्या स्पीकरमधलं लोहचुंबक घेऊन आम्ही सगळं दिंड तपासलं. पाच खिळे निघाले. जिथं जिथं खिळा होता तिथं लाकूड आत खोलवर काळं पडलं होतं. मी रंधा मारून ते घालवायला बघितलं तर सुतारकाका म्हणाले, "नाई जायचं ते. बाभळीत लोखंड मुरलं की काळं पडतंच. राहू दे, लाकडाला काई होत नाई." बाभळीच्या लाकडा-सालीत तुरट अंश भरपूर असतो, म्हणून तर तिची साल कातडी कमवायला वापरत आले. त्या तुरट अंशाचा आणि लोखंडाचा संयोग झाला की काळा रंग धरतो. डाग पेटीवर तसाच ठेवला.

तालुक्याच्या आरा मशीनवर पाऊण इंचाच्या फळ्या पाडून आणल्या. आठ दिवस सावलीत, मधे कामट्या घालून, हवा खेळेल अशा ठेवल्या. मग करवत, रंधा, पटाशी आणि गिरमिट. कोपऱ्यांना खाचा पाडून फळ्या एकमेकींत अडकवल्या आणि बोरीच्या खुंट्या ठोकल्या. खिळा एकही मारला नाही. तळाची फळी मात्र ठोकायची नाही, खुंटीनंही नाही. चारी बाजूंना आतून खाच पाडून त्यात ती सैल बसवायची. मी कारण विचारलं. म्हणाले, "पावसाळ्यात लाकूड फुगतं. जागा नाई ठेवली तर पेटीच फोडून टाकतं." मला वाटलं, हे संसारालाही लागू आहे. पण मी बोललो नाही. ते घाम गाळत होते आणि मी तिथं प्रवचन करणं बरं दिसलं नसतं.

शेवटी काचपेपर मारून जवसाचं तेल चोळलं. लाकूड गडद झालं, डाग थोडे मिसळले, तरी दिसतात. दिंडाच्या तीन भोकांपैकी एक, कसंही मोजलं तरी, झाकणात आलं. मला ते आवडलं. जुन्याची खूण म्हणून तसंच ठेवायचं ठरवलं.

कच्चं मडकं आणि हाडांचा ढीग

लाकडं ठोकत बसलो असताना मनात सारखे नामदेवराय येत होते. आपल्या जिल्ह्यातलं नर्सी हे त्यांचं गाव, कयाधूच्या काठचं. त्यांच्या आयुष्यातही ठोकून बघण्याची एक गोष्ट आहे, ती तुम्हाला माहीत असेल. संतांचा मेळा जमला होता. मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना थापटणं हाती घ्यायला सांगितलं, कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं ते बघा म्हणाल्या. गोरोबाकाकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. बाकीचे शांत बसले. नामदेवराय तेवढे रागावले. गोरोबांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं. मग ते औंढ्याला विसोबा खेचरांकडं आले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. पाय काढा म्हटल्यावर ते म्हणाले, जिथं देव नसेल तिथं नेऊन ठेव. नामदेवराय पाय जिकडं ठेवतील तिकडं पिंड. आजही औंढ्याच्या नागनाथाला गेलं की ती गोष्ट सांगितली जाते.

इथपर्यंत आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. पण मला यंदा यापुढचा एक प्रसंग याच गोष्टीला जोडून दिसला, आधी कधी दिसला नव्हता.

१३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले. कामावरचे आणखीही लोक गेले. चोखोबांची हाडं पंढरीला आणायची होती. पण ढिगाऱ्यातून काढलेली हाडं, त्यात कोणती कुणाची, हे सांगायचं कसं? परंपरा सांगते की नामदेवरायांनी एकेक हाड कानाशी लावलं. ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं ती हाडं त्यांनी वेगळी केली. ती पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी दिली. ज्या चोखोबांना जातीपायी जिवंतपणी देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्यांची समाधी देवळात जाणाऱ्याला आधी ओलांडून नव्हे, नमस्कार करून जावं लागतं अशा जागी आहे.

बघा, ज्यांना एका थापटण्यात कच्चं ठरवलं गेलं, तेच नामदेवराय पुढं ढिगापाशी बसून कान लावायला शिकले. समाजानं चोखोबांना आयुष्यभर ढिगातच ठेवलं होतं. एका जातीचा ढीग, त्यात कुणाचं नाव कोण विचारतो? नामदेवरायांनी वाकून एकेकाला ऐकलं. ढीग समोर असतो तेव्हा त्यातलं वेगळं काही दिसत नाही. हातात एकेक घेतलं की दिसतं.

आणि असंच कुणीतरी नामदेवरायांचंही ऐकलं. ते पंजाबात गेले, घुमानला राहिले. त्यांच्यामागं अडीचशे वर्षांनी, १६०४ मध्ये, गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात दुसऱ्या प्रांतातून आलेल्या या शिंप्याची पदं घेतली. गुरू ग्रंथसाहिबात आजही नामदेवरायांची ६१ पदं आहेत. नर्सीच्या माणसाचे शब्द तिकडल्या लोकांनी आपल्या पोथीत जपून ठेवले. पोथीची पेटी करताना हे आठवून मला फार बरं वाटलं.

पण लगेच दुसरा विचार आला आणि तो गेला नाही. चोखोबांची हाडं ओळखली गेली. त्याच भिंतीखाली गेलेल्या बाकीच्यांचं काय? तीही कुणाच्या लेकरांचीच हाडं. त्यांच्यासाठी कान लावणारं कुणी होतं की नाही, देव जाणे. माझ्या ढिगातूनही मी एक दिंड काढलं, लिंबाचा एक तुकडा काढला, बोरीची फांदी काढली. बाकीचा ढीग मी कुकरखाली घातलाच ना? आंब्याच्या ज्या वाशाखाली माझा जन्म झाला तोही जळाला. मग मी नक्की काय केलं?

टाकाऊ कुणी ठरवलं?

पेटी झाल्यावर पुतण्यानं फोटो काढला आणि "टाकाऊतून टिकाऊ" असं लिहून नातेवाइकांच्या गटावर टाकला. खूप जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. काका, छान केलंत, आबांची आठवण जपली. मी दोन दिवस खूश होतो. तिसऱ्या दिवशी तो शब्द टोचायला लागला.

टाकाऊ कोण होतं? तिफण टाकाऊ नव्हती. मी टाकली, म्हणून ती टाकाऊ झाली. आधी आपणच एखाद्या गोष्टीला ढिगात ढकलायचं आणि पंधरा-सोळा वर्षांनी तिलाच बाहेर काढून वाचवल्याची शाबासकी घ्यायची, हा कुठला न्याय? वाचवण्यात एक सूक्ष्म अहंकार असतो. जाळण्यात तो नसतो, कारण जाळताना कुणी टाळ्या वाजवत नाही.

तरीही उलट टोकालाही जाता येत नाही. काहीच जाळायचं नाही, सगळंच जपायचं, असं म्हणणाऱ्याच्या घरी हळद शिजणार नाही. ज्या जाळानं तो आंब्याचा वासा खाल्ला त्याच जाळावर आमच्या घराचं वर्ष निघालं. याच अध्यायात, चोविसाव्या श्लोकात, भगवंतांनी अर्पण, आहुती, अग्नी आणि होम करणारा या सगळ्यांत एकच ब्रह्म पाहायला सांगितलं आहे. मग अग्नीत जाणं हा अपमान कसा? पेटीत राहिलेलं लाकूड श्रेष्ठ आणि जाळात गेलेलं हलकं, असं मी मनात धरलं होतं. विसोबांनी नामदेवरायांना जे शिकवलं त्याच्या हे अगदी उलट झालं. पेटीत देव आहे आणि कुकरखाली नाही, असं म्हटल्यासारखंच ते.

हा गुंता माझ्यानं सुटला नाही. तो मायनं सोडवला, तेही सोडवायचा म्हणून नाही.

चाडं

पेटी घेऊन मी मायपुढं ठेवली. तिचं वय आता अठ्ठ्याहत्तर. नजर अधू झाली आहे, हातानं बघते. तिनं झाकणावरून हात फिरवला आणि बोट भोकापाशी थांबलं. बराच वेळ तिथंच होतं. मला वाटलं आता तिला भरून येणार. ती म्हणाली, "हे बुजव. पोथीला कसर लागंल."

मी सांगितलं की हे आपल्या तिफणीचं दिंड आहे, भोक मुद्दाम ठेवलंय.

"मला कळलं की," ती म्हणाली. "तरी बुजव."

मग उठली, भिंत धरत आत गेली, आपली पत्र्याची पेटी उघडली. येताना हातात जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. गाठ सोडली. आत चाडं होतं. तिफणीचं. आतून हाताला गुळगुळीत लागेल इतकं झिजलेलं.

"हे कुठून आलं, माय?"

"तू फोडायलास तवा उडून इकडं आलं. उचललं अन् ठिवलं."

इतकी वर्षं. त्याच घरात, माझ्यापासून दहा पावलांवर.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलून काय व्हतं? बैल गेले व्हते. बैलाबिगर तिफण काय कामाची? तुझं काई चुकलं नाई." जरा थांबून म्हणाली, "फकस्त इचारायचं व्हतंस."

"आबांना वाईट वाटलं होतं का?"

"ते त्यायला इचारायचं व्हतंस."

माझ्याकडं याला उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "हे चाडं आपण पेटीत ठेवू, पोथीजवळ."

"नगं. पेटी पोथीची हाय. हे माझ्यासंगं दे."

मला कळलं नाही. ती म्हणाली, "शेवटी मला लाकडावरच ठिवशील ना? तवा हातापशी ठेव. तीस वरीस त्यावर मूठ धरली मी."

मी सरपणातून एक लाकूड काढून स्वतःला पुण्यवान समजत होतो. तिनं जपलेलं लाकूड ती स्वतःहून अग्नीला द्यायला निघाली होती. दोघांनी एकाच तिफणीचा तुकडा उचलला होता. मी तो जळू नये म्हणून धरला होता, तिनं तो कधी आणि कुणाबरोबर जळावा हे ठरवून ठेवलं होतं. आणि या दोन्हींत तिचं अधिक खरं आहे, असं मला आतून जाणवलं.

मी हो म्हणालो. माझ्या हातून ते होईल का, हे त्या वेळी येईल तेव्हाच कळेल.

परत श्लोकाकडं

आता आजचा श्लोक पुन्हा वाचतो. ज्ञानाग्नी सगळ्या कर्मांचं भस्म करतो. मी आजवर याचा अर्थ असा घेत आलो की नाम घेत राहिलं, पारायणं केली, की मागचं केलेलं आपोआप जळून जातं. पण मी २००९ ची ती सकाळ विसरलो होतो, तेव्हा ती जळाली नव्हती. ती ढिगाच्या तळाशी सुखरूप पडून होती आणि माझं पुढचं सगळं तिच्यावर रचलं जात होतं. विसर म्हणजे ज्ञान नव्हे. जे कर्म आपण हातात घेऊन कधी बघितलंच नाही, त्याला ज्ञानाचा अग्नी लागणार कसा? सुतारकाकांनी "कुणी मोडली?" विचारल्यावर मी "मीच" म्हणालो, तेव्हा पहिली ठिणगी पडली असेल तर असेल.

म्हणून माझ्यापुरतं मला जे समजलं ते एवढंच. लाकूड वाचवणं पुण्य आणि जाळणं पाप, असा हिशेब नाही. काही लाकडाची पेटी होते, काहीवर हळद शिजते, काहीवर आपण स्वतः जातो. चूक होते ती न बघता, न विचारता ढिगात टाकण्यात. लाकडाच्या बाबतीत ती चूक पेटी करून थोडीफार भरून काढता येते. माणसाच्या बाबतीत येत नाही. ओसरीवर बसलेल्या माणसाला "आबा, ही फोडू का?" एवढे चार शब्द विचारायला मला अर्धा क्षण लागला असता. ते बहुतेक "फोड" असंच म्हणाले असते.

आपल्या घरांतही असे ढीग असतात. म्हाताऱ्या माणसाचा सल्ला, शाळेत मागं पडलेलं लेकरू, सासरहून परत आलेली बहीण, कामाचा राहिला नाही म्हणून कुणी हाक मारत नाही असा कारागीर. आपण त्यांना वाईट वागवत नाही, फक्त विचारायचं सोडून देतो. ओसरीवर बसलेला माणूस गप्प आहे म्हणजे त्याला काही म्हणायचं नाही, असं आपण धरून चालतो.

झाकणातलं भोक मी बुजवलं. लिंबाचा तुकडा घासून नेमका बसवला, वरून तेल लावलं. बाभळीच्या तांबूस लाकडात तो फिकट चौकोन लांबूनही दिसतो. आबांची ज्ञानेश्वरी आता त्या पेटीत आहे. रोज पहाटे पोथी काढताना हात त्या चौकोनावरून जातो. चाडं मायच्या पेटीत आहे, फडक्यात, जिथं होतं तिथंच.

आजचा नेम : घरात जो कुणी गप्प बसून असतो, त्याला आज एक गोष्ट विचारा. सांगू नका, विचारा. आणि उत्तर येईपर्यंत तिथून उठू नका.

उद्या याच अध्यायाचा अडतिसावा श्लोक घेऊ.

राम कृष्ण हरी.